ते खाली आलंच नाही का?



विज्ञानशिक्षकांच्या आणि चित्रफिती करणाऱ्यांच्या या संमेलनाचं आपण मला अध्यक्ष केलंत. इथल्या, मावळातल्या टाकवे बुद्रुकच्या ग्रामस्थांनी मांडवापासून इंद्रायणीच्या भातापर्यंत सगळं पाहिलं. 

अध्यक्षानं वर्षाच्या कामाचा आढावा घ्यावा असा रिवाज आहे. त्यासाठी मॉडेल रॉकेटांवरच्या यंदाच्या सगळ्या चित्रफिती, प्रचाराच्या आणि इतिहासाच्या, माझ्याकडे पाठवण्यात आल्या. मी त्या दोनदा पाहिल्या. आढावा लिहायला बसलो आणि पहिल्याच पानावर अडलो, कारण एकाही चित्रफितीत रॉकेट खाली येत नाही. ते सुटतं, धूर होतो, टाळ्या पडतात, संगीत चढतं आणि नाव झळकतं. संकलनाच्या टेबलावर तीस-बत्तीस वर्षं काढल्यावर मला जे सांगायचं आहे ते एवढ्यातच आहे, त्यामुळे आढावा राहू द्या.

छंदाच्या रॉकेटांची एक नेहमीची मोटर घ्या. तिच्या कागदी नळीवर ‘सी 6-5’ असं छापलेलं असतं. सी म्हणजे एकूण आवेग 10 न्यूटन-सेकंदांपर्यंत. 6 म्हणजे सरासरी रेटा 6 न्यूटन. शेवटचा 5 म्हणजे दारूचा रेटा संपल्यावर 5 सेकंद वाट बघायची. रेटा दोन सेकंदांच्या आत संपतो. मग हळू जळणारा एक थर नुसता धूर सोडत राहतो आणि रॉकेट आपल्याच वेगानं चढत चढत मंदावतं. ते माथ्याजवळ आलं की पुढच्या बाजूला छोटासा स्फोट होतो, टोपण सुटतं, पॅराशूट बाहेर फेकलं जातं, आणि मग चांगला वेळ घेत ते तरंगत खाली येतं. म्हणजे मोटर बनवणाऱ्यानं परतीचा विचार नळीवर आकड्यात छापून दिला आहे. आपल्या चित्रफिती मात्र पहिल्या दोन सेकंदांतच संपतात.

हा छंद जन्मला तोच परतीच्या काळजीतून. 1954 साली अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावी ऑर्व्हिल कार्लाइल नावाचा बुटांचा दुकानदार होता. त्याला दारूकामाचा नाद, भावाला मॉडेल विमानांचा. दोन नाद एकत्र आले आणि कागदाचं, हलकं, पुन्हा उडवता येणारं रॉकेट तयार झालं. त्याचं नाव त्यानं ठेवलं ‘रॉक-अ-शूट’. निम्मं नाव पॅराशूटचं आहे. 1957 साली हॅरी स्टाइन नावाच्या रॉकेटतज्ज्ञानं एका मासिकात लिहिलं की पोरं घरी रॉकेटं करायला जातात आणि जखमी होतात. ते वाचून कार्लाइलनं त्याला आपली रॉकेटं पाठवली. त्याच वर्षी ऑक्टोबरात स्पुटनिक वर गेला आणि पोरांना आवरणं अशक्य झालं. तेव्हा हा छंद उभा राहिला तो मुलांची बोटं आणि डोळे शाबूत राहावेत म्हणून. इतिहासाच्या चित्रफितीत हे आलं नाही, तर आलं काय?

पुढं 1970 च्या सुमारास मॉडेल रॉकेटं बनवणाऱ्या एस्टीस कंपनीनं सिनेरॉक नावाचा 8 मिलिमीटर फिल्मचा कॅमेरा काढला. तो रॉकेटच्या टोकाला बसायचा, पण त्याची नजर मागं, जमिनीकडे असायची. सुटलेली जागा लहान होत जाताना त्यात दिसायची. ज्या माणसानं ती नजर खाली वळवली, त्याला काय पाहण्यासारखं आहे हे ठाऊक होतं.

आता माझी गोष्ट. आपल्याकडे दारूची मोटर म्हटली की परवाने आले, म्हणून आपण बाटलीत पाणी भरतो आणि सायकलचा पंप मारतो. 1994 च्या हिवाळ्यात एका संस्थेनं मला या छंदाची प्रचारफिल्म करायला सांगितलं. मी इथंच, वडेश्वरच्या बाजूला, भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांत आलो. सोळा मिलिमीटरचा कॅमेरा, हाताशी मोजकीच फिल्म. ठाकरवाडीतली दहा-अकरा वर्षांची एक मुलगी होती. तिनं दूधपिशवी कापून पॅराशूट केलं होतं. पंप मारला, बाटली सुटली, पिशवी उघडली, आणि ठोकळवाडी धरणाच्या पाण्याकडून आलेल्या वाऱ्यानं ती बांधापलीकडे नेली. मुलगी धसकटांतून अनवाणी पळत सुटली. खाली येणाऱ्या बाटलीवर तिची नजर, पायांचं तिचं तिला ठाऊक. विहिरीच्या कडेला तिनं ती वरच्या वर झेलली आणि तशीच उलट पावली पळत माझ्याकडे आली. पंपापासून परत येईपर्यंत एक मिनिट चाळीस सेकंद. मी बटण सोडलं नाही, दृश्य कुठं तोडलं नाही. माझ्या सगळ्या नोकरीत याच्याइतकं चांगलं काही माझ्या हातून झालेलं नाही.

संस्थेनं त्याचे अकरा सेकंद ठेवले. त्यावर वाद्यवृंद घातला. पाण्याच्या रॉकेटवर दारूच्या रॉकेटाचा गडगडाट लावला. मी भांडलो, पण ऐकून घेतलं गेलं नाही. ‘लोकांना वर जाणं बघायचं असतं,’ असं मला सांगण्यात आलं. उरलेले तुकडे माझ्या नकळत टाकून दिले गेले. महिनाभरानं इथल्याच एका शाळेत पडदा लावून ती फिल्म दाखवली. संपल्यावर मागच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, ‘सर, ते खाली आलंच नाही का?’ मी काय उत्तर देणार होतो? तो प्रश्न मी आज इथं घेऊन आलो आहे.

काल रात्री आपल्यात जे वाद झाले ते मी कान देऊन ऐकले. फसलेलं उड्डाण दाखवावं की नाही, हा पहिला. दाखवलं तर पालक घाबरतात, असं काहींचं म्हणणं. मला विचाराल तर एकदा एका शाळेत पॅराशूट उघडलंच नाही, बाटली थेट जमिनीत रुतली, आणि ते चित्रित झालं. मुलांनी ते दृश्य नऊ वेळा मागं-पुढं करून पाहिलं. नवव्या वेळी एकीला दिसलं की दोरा बाटलीच्या पंखाला गुंडाळला गेला आहे. त्या शाळेत त्यानंतर दोरा कधी अडकला नाही. हा वाद मी तरी संपलेला धरतो.

दुसरा वाद आवाजाचा. कॅमेरा शंभर मीटरवर असेल तर बाटली सुटल्याचा ‘फट्’ आवाज साधारण सात चौकटी उशिरा येतो. आमचे संकलक ती चूक समजून आवाज सरकवतात आणि चित्राशी जुळवतात. अहो, ती चूक नाही. त्या सात चौकटी मोजून सहावीतली मुलं ध्वनीचा वेग काढतात. मी त्यांना काढताना पाहिलं आहे. त्यावर तबला घालायचा की सिंथेसायझर, ही चर्चा मला ऐकवत नाही. ड्रोनबद्दल एकच सांगतो: ज्याचा आवाज रॉकेटपेक्षा मोठा, त्यानं रॉकेटच्या मागं जाऊ नये.

इतिहासाच्या चित्रफितींबद्दल मला जास्त राग आहे. केरळातल्या थुंबाच्या रॉकेट केंद्रावर फिल्म म्हटली की दोन चित्रं येतात, सायकल आणि बैलगाडी. 21 नोव्हेंबर 1963 च्या पहिल्या उड्डाणाबद्दल निवेदक बोलत असतो आणि पडद्यावर सायकलच्या कॅरियरवर रॉकेटचं टोक. तो फोटो आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी 1966 साली काढलेला आहे. बैलगाडीवर जे आहे ते रॉकेटही नाही. तो 1981 सालचा ॲपल उपग्रह आहे. ‘ट्रकला पैसे नव्हते’ असं निवेदक भरल्या गळ्यानं सांगतो. प्रत्यक्षात अँटेनाच्या चाचणीत धातूचा अडथळा नको होता, म्हणून लाकडी गाडी आणली होती. ती इंजिनियरांची अक्कल होती, तिला आपण गरिबी करून टाकलं. एका चित्रफितीत तर थुंबाच्या वाळूवरून अमेरिकेचं सॅटर्न रॉकेट उडालेलं मी पाहिलं. आता संगणकाकडून थुंबाची जुनी वाटणारी दृश्यं बनवून घेण्याची लाट आली आहे. ज्यांनी तिथं खरोखर उन्हात काम केलं त्यांच्या तोंडावर आपण दुसऱ्याचा चेहरा चिकटवतो आहोत. मला हे सहन होत नाही.

आणि खरं किती जवळ आहे! 20 नोव्हेंबर 1967 ला उडालेलं पहिलं भारतीय बनावटीचं रॉकेट आर एच-75. त्यातला 75 म्हणजे व्यास, मिलिमीटरमध्ये. मांडवाच्या कडेला बसलेल्या मुलांनो, तुमच्या हातातली दोन लिटरची बाटली त्याहून जाड आहे. एवढं एक वाक्य बाटली हातात धरून म्हणा. गडगडाट लागणार नाही.

कुणी म्हणेल, प्रचाराच्या फिल्मला हे नियम कसे लावायचे, तिला पैसा आणायचा असतो. दादासाहेब फाळक्यांनाही 1912 मध्ये पैसाच आणायचा होता. त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा ठेवला आणि दिवसांमागून दिवस थोडी थोडी फिल्म घेत राहिले. अंकुर फुटतो, वाढतो, वेल होतो, एवढंच त्यात होतं. ते पाहून नाडकर्णी नावाच्या व्यापाऱ्यानं कर्ज दिलं आणि ‘राजा हरिश्चंद्र’ झाला. महिनाभर त्या कुंडीपुढून कॅमेरा हलवला नाही म्हणून ते झालं. याच फाळक्यांनी पुढं आपल्या तालुक्यात, तळेगावच्या पैसा फंडाच्या काच कारखान्यावर छोटी फिल्म केली.  मावळात जन्मलेल्या माणसाला या गोष्टीचा अभिमान वाटतो, तो मी लपवत नाही.

पुढच्या कामाबद्दल थोडंसं. अखंड उड्डाणांची एक नोंद आपण सुरू करावी असं माझ्या मनात आहे: जागा, वारा, कोण पळालं, कुठं सापडलं. ती कुठं ठेवायची, कुणी सांभाळायची, हे आपण बसून ठरवू. जुन्या फिल्मचे डबे कुणाच्या माळ्यावर असतील तर टाकू नका, मला कळवा. थुंबात काम केलेली जी माणसं हयात आहेत, त्यांच्याकडे कॅमेरा घेऊन जायला हवं, आणि लवकर. तेही पाहू.

ते एक मिनिट चाळीस सेकंद मी अजून शोधतो. ती मुलगी आता चाळिशीत असेल. पुण्यात आहे असं कुणी सांगतं, कुणी म्हणतं इथंच खांडीकडे दिली आहे. मला तिच्याकडून काही नको. ती बाटली झेलताना ती हसली होती की दमली होती, एवढंच विचारायचं आहे. दृश्य माझ्या डोळ्यांपुढं आहे, पण तिचा चेहरा पुसट झाला आहे.

दुपारी जेवणानंतर समोरच्या खाचरात उड्डाणं आहेत. ज्यांच्या हातात कॅमेरा आहे त्यांनी पंपाच्या पहिल्या दट्ट्याला तो सुरू करावा. वारा आज खिंडीकडून आहे, बाटल्या ओढ्याच्या दिशेनं जातील. कुणीतरी पोर आणायला पळेलच. त्याच्यामागं जा, आणि ते परत येईपर्यंत कॅमेरा बंद करू नका.