‘चालतंय अजून’
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



तुमच्यातले बरेच जण डॉक्टर, इंजिनिअर झाले. मी नांदेडला गॅरेज टाकलं. म्हणून गॅरेजमधलीच गोष्ट सांगतो.

एका गृहस्थांची जुनी डिझेल इंडिका आली. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढच्या चाकाकडून कट-कट आवाज. ड्राइव्ह शाफ्टचा रबरी बूट फाटलेला. ग्रीस बाहेर, धूळ आत. जॉइंटच्या गोळ्या आणि खाचा झिजलेल्या. शाफ्टच बदलायला हवा होता. पण त्यांना घाई होती, पैशाचीही ओढ होती. मी ग्रीस भरलं, नवा बूट चढवला आणि म्हणालो, “चालतंय अजून.”

दुसऱ्या दिवशी मुलीला परीक्षेसाठी लातूरला नेताना अहमदपूरच्या पुढे जॉइंट तुटला. इंजिन चालू, गिअर पडतोय, पण गाडी जागची हलेना. सगळी ताकद तुटलेल्या बाजूला वाया जात होती. एका जीपवाल्याने पोरीला वेळेत पोहोचवलं. मी शाफ्ट घेऊन गेलो, रस्त्याच्या कडेलाच बसवला, पैसे घेतले नाहीत. ते गृहस्थ रागावले नाहीत, तेच जास्त लागलं.

आपले गणिताचे सर उत्तर बरोबर असलं तरी पायरी गाळली की गुण कापायचे. तेव्हा राग यायचा. आता बूट नुसता फाटला असेल तर बूट बदलतो; आवाज सुरू झाला असेल तर शाफ्ट बदला, असं स्पष्ट सांगतो. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

वळणावर गाडी कट-कट करू लागली तर या. चहा माझ्याकडून, शाफ्टचे पैसे मात्र लागतील!