बोट डावीकडे का ओढते?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

रिमोटवर चालणारी छोटी बोट हा काय रेडिओवर बोलायचा विषय झाला, असं आपल्यापैकी काहींना वाटेल. मलाही परवापरवापर्यंत तसंच वाटत होतं. आयटीआयमध्ये वायरमनच्या मुलांना शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. मोटर, बॅटरी, वायरिंग हे माझं रोजचंच. त्यामुळे नातीला वाढदिवसाला बोटीचा संच आणून दिला, तेव्हा यात आपल्याला न कळण्यासारखं काही असेल हे मनातही आलं नाही.

बोट दोन फूट लांब. एक मोटर, एक पंखा, एक सुकाणू. मे महिन्यात आम्ही सिन्नर तालुक्यात माझ्या बहिणीच्या मळ्यात गेलो. तिथं शेततळं आहे. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, आत प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला, भोवती तारेचं कुंपण. जलपर्णी नाही, लाटा नाहीत. बोट चालवायला याहून चांगली जागा कुठली, असं वाटलं.

बोट सोडली आणि ती डावीकडे ओढायला लागली. नात दांडी उजवीकडे दाबून तिला सरळ करायची, की पुन्हा डावीकडे. मी कुंपणाबाहेर खुर्चीत बसून सांगत होतो, ‘‘तुझा हात जड आहे गं. दांडी हळू हलव.’’ ती म्हणाली, ‘‘आबा, मी काहीच करत नाहीये. ती आपणहूनच वळते.’’ मी ऐकलं नाही. शिकवणाऱ्या माणसाला ही एक खोडच असते, यंत्राआधी पोराला दोष द्यायची.

तेवढ्यात बोट तळ्याच्या मधोमध जाऊन थांबली. काही केल्या हलेना. बहिणीचा नातू, बारा वर्षांचा, चांगला पोहणारा. त्यानं चपला काढल्या, कुंपणाचं फाटक उघडलं आणि एक पाय उतारावर टाकला. मी धावत जाऊन त्याच्या सदऱ्याची कॉलर धरली म्हणून बरं.

शेततळं ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. ओलं प्लॅस्टिक साबणासारखं निसरडं असतं. धरायला दगड नाही, मूळ नाही, पायरी नाही. पोहता येणारा माणूसही काठापर्यंत येतो आणि वर चढता न आल्यानं दमून जातो. अशा बातम्या आपण वाचत आलोच आहोत. त्या बोटीला वाऱ्यानंच दीड तासात काठाला आणून लावलं. बंद पडलेली बोट बहुतेक वेळा वारा आणतोच, थोडा धीर हवा.

रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. बोट नीट चालली असती तर पोरगा कुंपणाच्या आत गेलाच नसता, हे मनातून जाईना. सकाळी पहिलं काम केलं ते मासे धरायच्या दोरीला टेनिसचा चेंडू बांधायचं. बोट अडकली तर चेंडू तिच्या पलीकडे फेकायचा आणि दोरी हळूहळू ओढत बोट काठाला आणायची. दुसरं म्हणजे, रिकाम्या कॅनना दोर बांधून तो तळ्यावर आडवा सोडला. कोणी पडलंच तर धरायला काहीतरी हवं. आणि मग नातीला म्हटलं, आण एक वही.

वहीचा नियम एकच. एका वेळी एकच बदल करायचा, तो लिहायचा, मग बोट चालवून पाहायची. तीन स्क्रू एकदम पिळले आणि बोट सुधारली, तर कशामुळे सुधारली ते कधीच कळत नाही.

सुरुवात तळ्यावर नाही, गुरांना पाणी पाजायच्या हौदात केली. मोटर न लावता बोट नुसती तरंगत ठेवली. आतली बॅटरी सैल होती. बोट जरा हलवली की ती कधी या कडेला सरकायची, कधी त्या. म्हणजे प्रत्येक खेपेला बोटीचा तोल वेगळा. असल्या बोटीची परीक्षा घेण्यात काही अर्थ नाही. चिकटपट्टीनं बॅटरी जागेवर पक्की केली. मग सुकाणूचं पातं बोटानं हलवून पाहिलं. दोन-तीन मिलिमीटर ढिलं! सर्व्हो, म्हणजे सुकाणू फिरवणारी छोटी मोटर, आणि सुकाणू यांना जोडणाऱ्या सळईचा स्क्रू सैल होता. दांडी मधोमध असली तरी पंख्याच्या झोतात सुकाणू आपल्या मर्जीनं डुलत होतं. मला हे पहिल्या दिवशीच दिसायला हवं होतं.

स्क्रू आवळला, तरी ओढ राहिलीच, कमी झाली इतकंच. आता खरी युक्ती सांगतो. बोट वेगात सोडायची आणि मध्येच मोटर बंद करायची. मोटर बंद असताना ती नुसत्या वेगावर सरळ गेली, तर बोटीचा सांगाडा आणि सुकाणू ठीक आहेत. मोटर चालू असतानाच ओढत असेल, तर दोष पंख्याकडे शोधायचा. आमची बोट मोटर बंद केली की अगदी सरळ जायची.

पंख्याचा हा दोष म्हणजे खरं तर दोषच नाही. आमचा पंखा मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो. असा पंखा पाणी मागे ढकलतो, त्याचबरोबर बोटीची पिछाडी थोडी उजवीकडे सरकवतो. पिछाडी उजवीकडे गेली की नाक डावीकडे वळणारच. एक पंख्याच्या मोठ्या जहाजांनाही हे चुकत नाही. म्हणूनच दोन पंख्यांच्या जहाजात ते बहुधा एकमेकांच्या उलट फिरतात. आमच्याकडे एकच पंखा, मग सुकाणूचा मध्यच किंचित उजवीकडे सरकवला. रिमोटवर ट्रिमचं छोटं बटण त्यासाठीच असतं. याचा एक तोटा आहे. पूर्ण वेगात सरळ जाणारी बोट हळू चालवली तर जराशी उजवीकडे झुकते. ते चालवून घ्यायचं.

आता ती मधोमध का थांबली? हे कोडं मला जास्त छळत होतं. खळ्यात बोट ठेवून मी रिमोट घेऊन ६० पावलं लांब गेलो. सुकाणू झकास हलत होतं. पाण्यात मात्र २० मीटरवर बोट बहिरी. शेवटी नातीनंच विचारलं, ‘‘आबा, ही वायर खाली का पडलीय?’’ ती अँटेना होती. बोटीच्या तळाशी लोळत होती, म्हणजे बाहेरच्या पाण्याच्या पातळीच्या खाली. हल्लीचे रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. या लहरी पाण्यातून जात नाहीत, पाणी त्या शोषून घेतं. संदेश तुटला की सुरक्षेसाठी मोटर आपोआप बंद होते, तशी ती झाली होती. अँटेना बारीक नळीत घालून वरच्या झाकणालगत उभी केली आणि ते दुखणं संपलं. रेडिओ लहरींवर चाललेल्या अगदी सुरुवातीच्या यंत्रांपैकी एक म्हणजे अशीच बॅटरीवरची बोट होती, हे मला नंतर कळलं. निकोला टेस्ला यांनी १८९८मध्ये न्यूयॉर्कला ती लोकांसमोर चालवून दाखवली होती.

एक गोष्ट मात्र हाताचीच असते, ती सांगितली पाहिजे. बोट आपल्याकडे तोंड करून येत असली की डावं-उजवं उलटं होतं. यावर उपाय, आपण स्वतःच बोटीत बसलो आहोत असं समजायचं. जमत नसेल तर बोटीकडे पाठ करून मानेवरून मागे बघायचं. लोक हसतात, हसू द्यावं. आणखी एक. वळताना भीतीनं वेग एकदम तोडायचा नाही. सुकाणू काम करतं ते त्याच्यावर आदळणाऱ्या पाण्याच्या जोरावर. मोटर बंद झाली की आमच्यासारख्या बोटीचं सुकाणू जवळजवळ निकामी होतं, आणि बोट काठावर आपटते. सुकाणू जास्त फिरवूनही भागत नाही. मोठ्या जहाजांतही ते साधारण ३५ अंशांपर्यंतच फिरवतात. त्याहून जास्त फिरवलं की ते वळवायचं सोडून ब्रेकसारखं अडवायला लागतं.

एवढं जमल्यावर नातीला वेग हवा झाला. जड बॅटरी आणली आणि ती पिछाडीला बसवली. बोटीचं नाक बेडकासारखं उड्या मारायला लागलं. वजन फार मागे गेलं की असं होतं. बॅटरी एकेक सेंटीमीटर पुढे सरकवत गेलो, चौथ्या खेपेला उड्या थांबल्या. फार पुढे नेली असती तर नाक पाण्यात घुसलं असतं.

मग तिनं मोठा पंखा लावला. मोटर किंचाळायची, बोट मात्र पुढे जाईना. पंखा पाण्याच्या पृष्ठभागाजवळ होता आणि वरून हवा ओढत होता. मोठ्या जहाजांत याचा एक चुलतभाऊ आहे. तिथं पात्यांच्या मागे दाब इतका उतरतो की पाण्याची वाफ होऊन बुडबुडे बनतात. इंग्लंडच्या चार्ल्स पार्सन्स यांनी १८९४मध्ये ‘टर्बिनिया’ बोट बांधली, तेव्हा एवढं ताकदवान टर्बाइन बसवूनही ती अपेक्षित वेग घेईना. त्यांनी काचेच्या छोट्या टाकीत पंखा फिरवून ते बुडबुडे पाहिले आणि मग एका दांड्याऐवजी तीन दांडे, प्रत्येकावर तीन पंखे बसवले. १८९७च्या नौदल संचलनात हीच बोट ३४ नॉट्सच्या आसपास धावली आणि नौदलाच्या बोटींना ती सापडेना. आम्ही इतके पंखे कुठले बसवणार? आम्ही जुना छोटा पंखा परत लावला.

परवा नात ती वही घेऊन आली. पहिल्या पानावर तिनं तारीख घालून दोन रकाने आखलेत, ‘तक्रार’ आणि ‘कारण’. पहिली तक्रार ‘डावीकडे ओढते’. कारणाच्या रकान्यात ‘हात जड’ लिहून त्यावर काट मारलीय, आणि बाजूला माझ्या सहीसाठी जागा सोडलीय. मी सही केली.