छांदिष्टाची वही आणि सरकारची वही



कामगारांच्या मागण्या घेऊन हिंडणाऱ्याने छंदांवर बोलावयास उभे राहावे, ह्याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु छंदाला सवड लागते, आणि कामगाराला सवड भांडून मिळवावी लागली आहे. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या खटपटीमुळे मुंबईच्या गिरणीमालकांनी १८९० साली रविवारची सुट्टी कबूल केली. तोपर्यंत गिरणीतल्या माणसाला स्वतःचा असा दिवसच नव्हता. अशा मिळवलेल्या वेळात माणूस काय करतो, कोणाशी बोलतो, हे पाहण्याचा अधिकार कोणाला आणि किती असावा, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे.

नाशकाला छंद परके नाहीत. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये पिढ्यान् पिढ्या टपालाची तिकिटे छापली गेली, आणि ती जमवणारी मुले घरोघर होती. आज त्यांची नातवंडे संगणक उघडून पुन्हा जोडतात, त्यात लिनक्स बसवतात, रात्र रात्र खटपट करतात. शेजारी त्यांना थोडे वेडे समजतात. ह्या वेड्यांच्या जातीतला एक जुना आणि शिस्तीचा छंद आम्ही उदाहरणादाखल घेतो. तो म्हणजे हौशी बिनतारी, ज्याला हॅम रेडिओ म्हणतात.

हा छंद करावयाचा तर सरकारी परीक्षा द्यावी लागते, परवाना घ्यावा लागतो. मग ‘व्ही-यू’ ह्या अक्षरांनी सुरू होणारी स्वतःची खूण मिळते. १९७८ च्या नियमांनी ह्या मंडळींना असे बांधून दिले की, बोलणे साध्या भाषेत असावे, गुप्त सांकेतिक भाषा वापरू नये, आणि कोणाशी केव्हा संबंध आला ह्याची नोंदवही ठेवावी. सरकारी अधिकाऱ्याने मागितली तर ती वही दाखवावी. छांदिष्टांनी हे आनंदाने पत्करले, कारण आकाश सर्वांचे आहे. डिसेंबर २००४ मध्ये अंदमानवर सुनामीची लाट आली तेव्हा पोर्ट ब्लेअरला छंदासाठीच गेलेल्या अशा मंडळींनी बाहेरच्या जगाशी संबंध जोडून दिला. शिस्त आणि उपयोग, दोन्ही तेथे दिसले.

परंतु ह्याच छंदाला राज्यकर्ते भितातही. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने हौशी मंडळींना आपली प्रक्षेपणयंत्रे पोलिसांच्या स्वाधीन करण्याचा हुकूम काढला. तरीही ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत काँग्रेस रेडिओ बोलू लागलाच. उषा मेहता तेव्हा अवघ्या बावीस वर्षांच्या होत्या. जागा बदलत बदलत ते केंद्र चालले, आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांनी ते पकडले. उषाबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली. त्या वेळच्या कायद्याने तो गुन्हा होता. आज आपण त्यालाच देशसेवा म्हणतो. म्हणून गुपचूप बोलणारा तेवढा वाईट, असे म्हणण्यापूर्वी थोडे थांबावे.

आता ऐकणाऱ्याचा कायदा पाहू. १८८५ च्या तार कायद्याने सरकारला निरोप अडवण्याचा अधिकार दिला. तो इंग्रजांचा कायदा स्वराज्यातही चालू राहिला. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ह्या संस्थेच्या अर्जावर १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, चोरून फोन ऐकणे हा खाजगी जीवनावरचा घाला आहे, म्हणून हुकूम गृहसचिवाचाच हवा आणि तो तपासणारी समिती हवी. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर २०२३ चा दूरसंचार कायदा आला आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याचे नियम आले. हुकूम साठ दिवसांचा, आणि वाढवत नेला तरी एकशे ऐंशी दिवसांपलीकडे नाही. समितीने दोन महिन्यांतून एकदा बसावयाचे.

पण समितीत कोण? केंद्रात मंत्रिमंडळ सचिव आणि दोन खात्यांचे सचिव. राज्यात मुख्य सचिव आणि त्यांचेच सहकारी. न्यायाधीश एकही नाही. ज्याचे बोलणे ऐकले त्याला नंतरही कळवण्याची तरतूद नाही. टपालाचेही तेच. २०२३ च्या टपाल कायद्याने सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी पाकीट अडवून उघडण्याचा अधिकार दिला. १९८६ साली असाच अधिकार वाढवणारे विधेयक संसदेने संमत केले होते. राष्ट्रपती झैलसिंगांनी त्यावर सही केली नाही, आणि तो कायदा कधी झालाच नाही.

कोणी म्हणेल, ज्याला लपवायचे नाही त्याला भीती कसली? ह्याचे उत्तर आम्ही आमच्या धंद्यातून देतो. संघटना नोंदवावयास निदान सात जणांच्या सह्या लागतात, असे १९२६ च्या कायद्यापासून चालत आले आहे. सातवी सही होईपर्यंत पहिल्या सहा जणांना कोठेतरी निर्धास्त बोलावे लागते. पूर्वी ते चहाच्या टपरीवर बोलत. आज मोबाईलच्या गटावर बोलतात. ते बोलणे कोणीतरी वाचतो आहे अशी नुसती शंका आली, तरी तिसराच माणूस गटातून निघून जातो. त्याने गुन्हा केलेला नसतो. त्याला घर चालवावयाचे असते.

चोर, दरोडेखोर, घातपाती ह्यांचा माग सरकारने काढू नये, असे आम्ही म्हणत नाही. आमची मागणी तीन कलमांची आहे. ऐकण्याच्या हुकुमावर न्यायाधीशाची सही असावी. तपास संपल्यावर त्या माणसाला कळवावे. आणि वर्षभरात असे किती हुकूम निघाले, तो आकडा विधिमंडळापुढे ठेवावा. परवान्यावर बोलणारा छांदिष्ट जर आपली वही दाखवण्यास बांधलेला आहे, तर आपले बोलणे ऐकणाऱ्या सरकारनेही आपली वही तटस्थ माणसापुढे उघडावयास हवी.

आणि जे तरुण ह्या यंत्रांची खटपट करतात त्यांना एक विनंती. आपल्या विद्येतला एक रविवार आम्हांला द्या. सातपूर, अंबडच्या कामगाराला मोबाईलवरचा कोणता परवाना कशासाठी मागितला जातो, निरोप कुलूपबंद कसा होतो, हे मराठीत समजावून सांगा. जागा, सतरंजी आणि चहा आमच्याकडे लागला.