माळावर वाट सोडू नका

बारामती तालुक्यात सुप्याजवळचं मयुरेश्वर अभयारण्य १९९७ साली घोषित झालं. क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर. सगळं एकत्र करून चौकोन आखला तर एक बाजू सव्वादोन किलोमीटर भरेल. कुसळीचं गवत, बोरी, बाभळी आणि त्यांत वावरणारे चिंकारे. पुण्याहून सकाळी निघावं, दुपारी परतावं इतकं हे रान जवळ आहे. माझं म्हणणं असं, की अशा खुरट्या रानात फिरण्याची शिस्त घनदाट जंगलाहून कडक हवी. आपण मात्र समोर सगळं मोकळं दिसतं म्हणून गाडी हवी तिकडे वळवतो. दाट झाडीत जनावर चार पावलांत दिसेनासं होतं. माळावर आडोसाच नाही. फोटोसाठी चिंकाऱ्याच्या मागे गाडी लावली, तर पळता पळता अभयारण्याची हद्द संपते आणि पुढे शेतं, कुत्री, डांबरी रस्ते. पाल्यातल्या ओलाव्यावर दिवस काढू शकणारं हे हरीण. भर उन्हात पळवलं की तीच ओल खर्ची पडते. टिटवी आणि धाविक हे पक्षी तर उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, तीही मातीच्या रंगाची. चाकाखाली गेली तरी चालकाला कळत नाही. ऐन उन्हाळ्यात टिटवी पोटाची पिसं भिजवून आणते आणि अंडी गार राखते. माणसं जवळ ठाण मांडून बसली, तर ती फिरकत नाही आणि अंडी उन्हात तापत राहतात.

कुणी विचारेल, मेंढ्या चालतात, मग आम्हीच का नको? अति चराईनं माळ उजाड होतो, हे खरंच आहे. पण मेंढपाळ सावकाश जातो, हरणाचा पाठलाग करत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: लोकांनी माळ पाहिलाच नाही, तर त्याची बाजू कोण घेणार? कागदोपत्री 'पडीक' ठरलेल्या जमिनीवर नांगर, कारखाना किंवा वृक्षारोपण यायला वेळ लागत नाही. तिथे जिवंत रान आहे हे सांगणारी माणसं हवीतच. म्हणून मी येऊ नका म्हणत नाही. या, पण वनखात्याची परवानगी घेऊन या, गावातला वाटाड्या सोबत घ्या, म्हणजे चार पैसे गावात राहतील. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात चिंकारा वाघाच्याच पहिल्या अनुसूचीत आहे, याची जाण ठेवा. गाडी चाकोरीतच चालू द्या, आणि अंड्यांवर बसलेला पक्षी दिसला तर कॅमेरा न उचलता पुढे निघा.