पट टिकवणारं गाव



नाच बसवलेली मुलं पडद्यामागे खोळंबली आहेत, म्हणून एकाच गोष्टीवर बोलतो. गावातली शाळा कशाच्या जोरावर टिकते? मी जन्मभर शिक्षकी केली. पण या प्रश्नाचा खरा विचार मला सुचला तो लेकीकडे गेल्यावर, जपानमध्ये.

माझी लेक तिथे शिमाने नावाच्या प्रांतात इंग्रजी शिकवते. जपान सरकारची 1987 पासून ‘जेट’ नावाची योजना आहे. परदेशातले पदवीधर तिथल्या शाळांत जातात आणि मूळ शिक्षकाच्या जोडीनं वर्गात उभे राहतात. लेक शिकली ती आपल्याच वाशिम जिल्ह्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत, मराठी माध्यमातून. पोरींनो, हे मुद्दाम तुमच्यासाठी सांगतो. आपल्या महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक तर 2019 मध्ये टोकियोच्या एदोगावा भागातून नगरसेवक म्हणून निवडून आले आणि पुढे 2023 मध्ये इबाराकी प्रांतातल्या त्सुचिउरा इथल्या सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले.

जपान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बुलेट ट्रेन येते. लेकीच्या गावात तसलं काही नाही. डोंगराच्या घळीत भाताची खाचरं, वळणावळणाचा रस्ता आणि ओळीनं कुलूप लावलेली घरं. शिमाने प्रांत क्षेत्रफळानं आपल्या जिल्ह्यापेक्षा मोठा, पण माणसं साडेसहा लाखांच्या आसपास. आपण 2011 च्या जनगणनेत बारा लाखांच्या घरात होतो. तिथली तरणी पोरं ओसाका-टोकियोला जातात, मुलं जन्मालाच कमी येतात. 2002 ते 2020 या काळात जपानमध्ये साडेआठ हजारांहून जास्त सरकारी शाळा बंद पडल्या. एवढा श्रीमंत देश, तरी!

लेकीच्या शाळेत मला एक दिवस बसू दिलं. दुपारी जेवण वर्गातच. पांढरे डगले, डोक्याला टोप्या घातलेली मुलं स्वतःच मोठाल्या भांड्यांतून वाढत होती. मुलांच्या आधी मुख्याध्यापक जेवतात, अन्न बरं आहे ना हे पाहायला. आपल्याकडे पोषण आहार वाटण्याआधी चव घेऊन नोंद करतात, तसंच. शालेय जेवणाचा कायदा जपाननं 1954 साली केला, युद्धात बेचिराख झालेला देश अजून सावरत होता तेव्हा. त्याच वर्षी त्यांनी दुर्गम भागातल्या शाळांसाठीही वेगळा कायदा केला. तिथं जाणाऱ्या शिक्षकाला वेगळा भत्ता मिळावा, राहायला घर मिळावं, अशी तजवीज त्यात आहे. खिशात पैसा नसताना त्या देशानं आधी डोंगरातल्या मुलाचा विचार केला, हे मला फार मोठं वाटतं.

जेवणानंतर सगळी शाळा झाडू-फडकी घेऊन कामाला लागली. शिक्षकही गुडघ्यावर बसून फरशी पुसत होते.

शिक्षकांच्या खोलीत मला विचारलं, तुम्ही भारतात कुठले? वाशिम त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण अजिंठा ठाऊक होता. मी सांगितलं, पाचव्या शतकात ज्या हरिषेण राजाच्या काळात अजिंठ्याची उत्तम लेणी कोरली गेली, त्याची राजधानी वत्सगुल्म, म्हणजेच आमचं वाशिम. सगळे उठून नकाशाजवळ आले. मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांना हे माहीत आहे? नसेल, तर इतिहासाच्या सरांना उद्याच विचारा.

आता ज्यासाठी तुम्हाला एवढं लांब नेलं, ते सांगतो. शिमाने प्रांतातच, समुद्रात ओकी नावाची बेटं आहेत. त्यातलं एक गाव आमा. तिथल्या ओकी-दोझेन हायस्कूलचा पट 2008 मध्ये नव्वदच्याही खाली आला. शाळा बंद पडायची वेळ आली. हायस्कूल गेलं की पंधरा वर्षांचं पोर बेट सोडणार, आणि पोरापाठोपाठ आईबापही. गावाला हे कळलं. गावाच्या प्रमुखानं तर आधीच, तिजोरीत खडखडाट होता तेव्हा, स्वतःचा पगार कापून घेतला होता आणि कर्मचाऱ्यांनीही आपापला कमी करून घेतला होता. मग गावानं संध्याकाळची सार्वजनिक अभ्यासिका काढली. बाहेरगावच्या मुलांसाठी वसतिगृहाची सोय केली, देशभरातून मुलं बोलावली. बेटाचेच प्रश्न मुलांना अभ्यासाला दिले. काही वर्षांत पट जवळजवळ दुप्पट झाला.

हे ऐकताना मला सारखे आपले तांडे आठवत होते. दिवाळी झाली की ऊसतोडीला बिऱ्हाडं निघतात, लेकरंही गाडीत बसतात आणि हजेरीपटावर त्यांच्या नावापुढं गैरहजेरी लागत जाते. वीसच्या आत पट असलेल्या शाळा महाराष्ट्रात हजारोंनी आहेत. त्या एकत्र करून समूह शाळा कराव्यात, असा विचार 2023 मध्ये शासनानं मांडलाही. त्यावर आपण रागावतो, निवेदनं देतो, द्यायलाच हवीत. पण शाळेत लेकरू टिकावं म्हणून गावानं स्वतः काय केलं, हे आमाच्या माणसांनी मला विचारलं असतं, तर माझ्याजवळ सांगण्यासारखं फार थोडं होतं.

म्हणून सरपंच आणि शाळा व्यवस्थापन समितीला माझी विनंती आहे. संध्याकाळी सात ते नऊ शाळेची एक खोली उघडी ठेवा. दिवा आणि पंखा माजी विद्यार्थी देतील, त्यांच्यातल्या दोघांशी मी बोललो आहे. मुलींना घरी पोचवायला रोज दोन पालक पाळीनं थांबू द्या. ऊसतोडीला जाणाऱ्यांची लेकरं आजी-आजोबांपाशी राहिली, तर त्यांच्या रात्रीच्या जेवणाचं गावानं पाहावं. दर शनिवारी सकाळी मी इंग्रजी शिकवायला येईन. लेकही फोनवर दिसेल. आपल्याकडे दहा वाजतात तेव्हा तिथं दुपारचा दीड झालेला असतो, आणि शनिवारी तिला सुट्टी असते.

खोलीची चावी कोणाकडं राहील, तेवढं आज बक्षीस समारंभ संपायच्या आत ठरवा. मी थांबतो.