औषधाची चिठ्ठी आणि घरचा हिशेब
(वर्षावासानिमित्त विहारात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ठाणे ते कल्याण या पट्ट्यात दवाखाने चालविणारे आम्ही काही डॉक्टर आहोत. मधुमेह आणि रक्तदाब यांवर बोलावे, अशी मंडळाची सूचना होती. मीठ कमी खावे, साखर टाळावी, रोज चालावे, हे आपण पुष्कळ वेळा ऐकले आहे. म्हणून आज आम्ही त्याच आजारांच्या अशा बाजूविषयी बोलणार आहोत, जिच्यावर दवाखान्यात सहसा कोणी बोलत नाही. ती बाजू म्हणजे औषधाचा खर्च.

आरंभ आमच्याच चुकीपासून करतो. डोंबिवलीत चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एक ताई आमच्याकडे येत असत. दर महिन्याला रक्तदाब वाढलेलाच. "गोळ्या घेता ना?" असे विचारले की "घेते" म्हणत. आम्ही एक गोळी वाढवली, मग दुसरी, मग तिसरी. वर्षाच्या आत त्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. मुलगा औषधांची पिशवी घेऊन आला. पिशवीत विळीने अर्ध्या केलेल्या गोळ्या होत्या. त्या अर्धी गोळी घेत आणि तीही एक दिवसाआड, कारण मुलांच्या फीचा महिना होता. ताई खोटे बोलल्या नव्हत्या. गोळ्या त्या घेतच होत्या. किती घेता आणि परवडतात का, हे आम्ही विचारले नव्हते. आम्ही जसजशी गोळी वाढवली तसतसे बिल वाढले, आणि बिल वाढले तशी गोळी घटली. एवढा साधा हिशेब आमच्या ध्यानात आला नाही.

बंधू-भगिनींनो, भिक्खूच्या चार आवश्यक वस्तूंत चीवर, भोजन व निवास यांच्याबरोबर औषधाची गणना आहे, हे आपण जाणता. विनयपिटकातील महावग्गात भगवान बुद्धांनी आजारी भिक्खूंसाठी ज्या पाच औषधांची अनुज्ञा दिली ती तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही होती; म्हणजे गृहस्थाच्या घरी सापडतील अशीच. त्याच ग्रंथात अतिसाराने खितपत पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदासह स्वतः धुऊन काढल्याचा प्रसंग आहे. त्याला जोडूनच रुग्णाचे आणि शुश्रूषकाचे गुण सांगितले आहेत. रुग्णाने आपली अवस्था आहे तशी सांगावी आणि औषध घ्यावे. शुश्रूषकाने पथ्य-अपथ्य ओळखावे आणि सेवा लोभाने नव्हे, मैत्रीभावनेने करावी. आम्हाला जे सांगावयाचे आहे, त्याची या दोन बाजूंत विभागणी होते.

प्रथम आम्हा डॉक्टरांविषयी.

पहिली गोष्ट म्हणजे विचारणे. "औषध घेता का?" या प्रश्नाला "हो" हेच उत्तर मिळते. "मागच्या महिन्यात बिल किती झाले? किती गोळ्या शिल्लक आहेत? कोणती आणायची राहिली?" असे विचारले म्हणजे खरी परिस्थिती कळते. रक्तदाब किंवा साखर आटोक्यात नसेल, तर नवी गोळी लिहिण्यापूर्वी हे प्रश्न विचारणे आम्ही आता बंधनकारक मानतो.

दुसरी गोष्ट म्हणजे चिठ्ठी छाटणे. वर्षापूर्वी पंधरा दिवसांसाठी दिलेली पित्ताची गोळी आजही चालू असते. शक्तीची औषधे, टॉनिके, कारण नसताना दिलेली जीवनसत्त्वे यांनी बिल फुगते. साध्या थकव्याला सलाईन लावून घेण्याची सवय तर आम्ही आणि तुम्ही मिळून लावली आहे. दर सहा महिन्यांनी सगळी औषधे टेबलावर मांडून "यातील कोणते आता थांबवता येईल?" असे पाहिले, तर बहुतेक चिठ्ठ्या लहान होतात.

तिसरी गोष्ट म्हणजे जुन्या, पारखलेल्या औषधाने आरंभ करणे. रक्तदाबाला अॅम्लोडिपिन, मधुमेहाला मेटफॉर्मिन ही वर्षानुवर्षांची औषधे आहेत, स्वस्त आहेत आणि आजही पहिल्या पसंतीची आहेत. नवे ते सगळे निरुपयोगी असते, असेही नाही. हृदय किंवा मूत्रपिंड दुखावलेल्या मधुमेही रुग्णाला काही नव्या औषधांचा खरोखर उपयोग होतो. मात्र त्यांच्या किमतीवर लक्ष ठेवले पाहिजे. पेटंट संपले की किंमत कोसळते. डापाग्लिफ्लोझिनचे २०२० मध्ये, सिटाग्लिप्टिनचे २०२२ मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च २०२५ मध्ये असेच झाले. साठ रुपयांच्या आसपास मिळणारी एम्पाग्लिफ्लोझिनची गोळी काही कंपन्यांनी दहा रुपयांच्या आत आणली. डॉक्टर जुन्याच सवयीने जुनाच ब्रँड लिहीत राहिला, तर हा लाभ रुग्णापर्यंत पोहोचत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. औषधाचे मूळ नाव, ज्याला जेनेरिक नाव म्हणतात, ते स्वच्छ, मोठ्या अक्षरांत लिहिणे. भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये आचारसंहितेत तशी दुरुस्ती केली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने याविषयी अधिक कडक नियम काढले. पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि जुनीच संहिता पुन्हा लागू झाली. येथे एक गोष्ट समजून घ्यावी. डॉक्टरने ब्रँडचे नाव लिहिले असेल, तर तेच घटक असलेले दुसरे, स्वस्त औषध दुकानदाराने आपल्या मनाने देणे नियमात बसत नाही. म्हणजे स्वस्त औषधाच्या कुलपाची किल्ली दुकानदाराकडे नाही, ती डॉक्टरच्या पेनात आहे. कंपन्यांकडून भेटवस्तू स्वीकारण्यास डॉक्टरांना २००९ पासूनच मनाई आहे आणि २०२४ मध्ये औषध कंपन्यांसाठीही आचारसंहिता आली. लोभाने सेवा करू नये, या वचनाचा आमच्या व्यवसायापुरता अर्थ हाच आहे.

पाचवी गोष्ट लहान, पण उपयोगाची. नाक्यावरच्या मजुराला आठवड्याची मजुरी मिळते. त्याला महिन्याचे औषध एकदम घेता येत नाही. त्याला दहा दिवसांचे लिहून द्यावे आणि पुन्हा तपासणी फी न घेता पुढचे लिहून द्यावे.

आता आपल्या मनातील शंका. "स्वस्त गोळी लागू पडते का?" जेनेरिक औषधालाही तोच परवाना आणि त्याच कसोट्या लागू असतात. जनऔषधी केंद्रांत येणाऱ्या औषधांची प्रत्येक खेप मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासली जाते. कमअस्सल औषधे बाजारात सापडतात, हे खरे आहे. पण ती नामांकित ब्रँडमध्येही सापडतात आणि जेनेरिकमध्येही. म्हणून पक्की पावती घ्यावी, पट्टीवरचा बॅच क्रमांक फाडून टाकू नये आणि गुण येत नसेल तर पट्टीसह डॉक्टरकडे यावे. एक सावधगिरी मात्र पाळावी. फिट्स, थायरॉईड आणि रक्त पातळ करण्याची औषधे यांत वारंवार कंपनी बदलू नये. इन्सुलिन तर डॉक्टरला विचारल्याशिवाय कधीच बदलू नये. गोळी अर्धी करावयाची असल्यास तीही विचारूनच. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या आणि कॅप्सूल तोडल्याने अपाय होतो.

दुकानात आणखी एक फसगत होते. काही जेनेरिक गोळ्यांच्या पट्टीवर छापील किंमत ब्रँडइतकीच असते, पण दुकानदाराला त्या फार कमी दरात मिळतात. अशा वेळी रुग्णाने "जेनेरिक द्या" म्हटले, तरी फायदा दुकानातच राहतो. म्हणून नाव विचारावे आणि भावही विचारावा. राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाच्या "फार्मा सही दाम" या मोबाईल अॅपवर नियंत्रित किमती पाहता येतात. "जनऔषधी सुगम" या अॅपवर जवळचे केंद्र व तेथील दर कळतात. २००८ साली सुरू झालेल्या या योजनेतील औषधे ब्रँडच्या तुलनेत साधारणपणे ५० ते ८० टक्के स्वस्त असल्याचे सरकार सांगते. समजा, दिवसाला तीन गोळ्या आहेत आणि प्रत्येक गोळीमागे आठ रुपये वाचले, तर महिन्याला ७२० रुपये वाचतात. आपल्या वस्तीतील किती घरांना ही रक्कम मोठी आहे, हे आम्ही सांगावयास नको.

विकत घेण्यापूर्वी फुकट काय मिळते, हेही पाहावे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत; ठाण्याचे जिल्हा रुग्णालय आणि उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय त्यांत येतात. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही महापालिकांची रुग्णालये आहेत. तेथील औषधांची चौकशी तेथेच करावी. कारखान्यात किंवा कंत्राटावर काम करणाऱ्यांचा ईएसआयसाठी पगार कापला जात असेल, तर औषध हा त्यांचा हक्क आहे. ज्यांचा पगार कापला जातो पण कार्ड कधी काढलेलेच नाही, असे कामगार आम्हाला वरचेवर भेटतात. क्षयरोगाची आणि एचआयव्हीची औषधे सरकार मोफत देते. त्यांसाठी कर्ज काढू नये. महात्मा फुले जनआरोग्य योजना मात्र रुग्णालयातील ठरावीक उपचारांसाठी आहे, रोजच्या गोळ्यांसाठी नाही, हा घोटाळा करू नये.

आता रुग्णाची बाजू. "आपली अवस्था आहे तशी सांगावी." आपल्या समाजात डॉक्टरसमोर "परवडत नाही" म्हणावयास माणसाला संकोच वाटतो. ज्या पिढ्यांनी अपमान सोसले त्यांना पैशाची अडचण बोलून दाखविणे जड जाते, हे आम्ही समजू शकतो. पण परवडत नाही, ही सुद्धा एक तक्रारच आहे; छातीतल्या दुखण्याइतकीच ती डॉक्टरला कळली पाहिजे. मुकाट्याने गोळी अर्धी करण्यापेक्षा तोंडाने सांगणे हिताचे आहे. आणि ऐकून जो डॉक्टर तुच्छतेने बोलेल, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

मंडळाला आमची नम्र सूचना आहे. महिन्यातील एका रविवारी वंदनेनंतर विहारात औषधांची पिशवी घेऊन यावे. शिकलेल्या मुला-मुलींनी प्रत्येक औषधाचे मूळ नाव, रोजचे प्रमाण आणि महिन्याचा खर्च एका वहीत लिहून द्यावा. औषध बदलण्याचे काम त्यांनी करू नये; ती वही घेऊन रुग्णाने आपल्या डॉक्टरकडे जावे. फलकावर जवळच्या जनऔषधी केंद्राचा पत्ता आणि रुग्णालयांच्या वेळा लावाव्यात. आमच्यापैकी कोणी ना कोणी त्या रविवारी हजर राहील, हा शब्द आम्ही येथे देतो.

त्या ताई आता काठीच्या आधाराने चालतात. त्यांच्या चिठ्ठीवर आज दोनच गोळ्या आहेत. त्या पूर्ण घेतल्या जातात आणि रक्तदाब आटोक्यात आहे. त्याच दोन गोळ्या पहिल्या महिन्यातही पुरल्या असत्या, असे आम्हाला राहून राहून वाटते. आपल्या घरी असे होऊ नये, एवढ्याचसाठी हे सांगितले.



जय भीम!