प्रेमाची किंमत कोण मोजतो?



दोन स्त्रियांच्या प्रेमाची कादंबरी हा आपल्या व्यासपीठाचा विषय कसा, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात असेल. हे सुखवस्तू वर्गाचे चोचले आहेत, असेही कोणी म्हणेल. त्यांना माझी विनंती एवढीच की, पॅट्रिशिया हायस्मिथ यांच्या ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’ या कादंबरीचे पहिले प्रकरण तरी वाचावे. ते घडते न्यूयॉर्कमधील एका अवाढव्य दुकानाच्या कामगार-उपाहारगृहात. एकोणीस वर्षांची थेरेस नाताळच्या गर्दीपुरती तेथे लागली आहे. तिचे काम बाहुल्या विकण्याचे. जेवताना ती व्यवस्थापनाने दिलेली पुस्तिका चाळते आहे : किती वर्षे राबल्यावर किती रजा! त्याच दुकानात उतारवयाची, थकलेली मिसेस रोबिचेक आहे. तिच्या मायेनेसुद्धा थेरेस धास्तावते, कारण तिच्यात तिला आपलेच भविष्य दिसते. श्रमबाजारावरील जाड ग्रंथांत ही धास्ती सहसा सापडत नाही.

मुलीसाठी बाहुली घ्यायला आलेल्या कॅरोलच्या प्रेमात थेरेस पडते. कॅरोल श्रीमंत घरातली; पण ते घर कोणाच्या हुकमतीखाली आहे, हे घटस्फोटाच्या खटल्यात कळते. नवरा खासगी गुप्तहेर लावतो, हॉटेलच्या खोलीतील बोलणे यंत्रावर मुद्रित करवतो आणि ते शस्त्र परजून मुलीचा ताबा मिळवतो. लग्नाच्या या करारात मूलच तारण ठेवलेले असते, हे लेखिका कोणताही आव न आणता दाखवते. अटी झुगारल्यामुळे कॅरोलला मुलीच्या भेटीही जवळजवळ गमवाव्या लागतात.

ही कादंबरी १९५२ साली ‘क्लेअर मॉर्गन’ या टोपणनावाने निघाली. लेखिकेच्या आधीच्या प्रकाशकाने ती नाकारली होती. १९५३ च्या स्वस्त आवृत्तीच्या मात्र लाखो प्रती खपल्या. वाचकांची पत्रे त्या टोपणनावाने येत राहिली. खरे नाव मुखपृष्ठावर यायला १९९० साल उजाडावे लागले. इतकी वर्षे नाव लपवण्यात लेखिकेचा दोष मला दिसत नाही. तिचेही पोट लेखणीवरच होते.

तोवरच्या अशा बहुतेक कथांतील नायिका शेवटी आत्महत्या तरी करीत, नाहीतर ‘सुधारून’ लग्न तरी करीत. येथे दोघी एकत्र येतात, आणि हा सुखान्त मला भाबडा वाटत नाही. कारण त्याआधी कॅरोल एका फर्निचरच्या पेढीत खरेदीची नोकरी धरते, स्वतःचे बिऱ्हाड थाटते; थेरेसही नेपथ्याच्या कामात पाय रोवू लागलेली असते. मधला मोटार-प्रवास मला जरा लांबलेला वाटला, दुकानाला कादंबरी फार लवकर सोडून जाते याचीही हळहळ वाटली. पण हा शेवट तिने कमावलेला आहे.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. २०२३ साली अशा विवाहांना मान्यता देण्यास मात्र नकार दिला. त्यानंतर २०२४ साली केंद्राच्या अन्न विभागाने राज्यांना कळवले की, शिधापत्रिकेसाठी असे जोडीदार एकाच कुटुंबातील समजावेत. चोचले म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, मी शिधापत्रिकेबद्दल बोलतो आहे. ही सूचना आपल्या तालुक्याच्या पुरवठा कार्यालयात कोणाला ठाऊक आहे काय, याची चौकशी प्रत्येक शाखेने या महिन्यातच करावी.